अंदमानला प्लाय पाठवणाऱ्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातले आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, प्लायवुडचे व्यापारी आणि मॉड्युलर फर्निचरवाले यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत स्वराजद्वीपवरच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरच्या, एका रिसॉर्टमधून फोन आला. कपाटाचं दार लागत नाही, बिजागरी बघून जा म्हणाले. मी पान्हे-स्क्रू घेऊन फेरीत बसलो, दोन-अडीच तासांनी उतरलो, बघतो तर बिजागरी ठणठणीत. फुगलं होतं ते कपाट. जमिनीलगतच्या पट्टीवर सनमायका लाटेसारखा उचलला गेला होता, आणि आतला भुसा चहात बुडवलेल्या टोस्टसारखा बोटाला लागत होता. 18 एमएमची पाटी, म्हणजे बोर्ड, टेप लावून मोजली, खालच्या कडेला 25 भरली. मागच्या भिंतीकडे टॉर्च मारला तर कोपऱ्यात दोन बारीक छत्र्या उगवलेल्या. मालकानं ड्रॉइंग काढून दाखवलं. पुण्याचं होतं, सुंदर होतं, आणि मटेरियलच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्री-लॅम पार्टिकल बोर्ड, 18 एमएम'. म्हणजे भुसा दाबून केलेला, वर आधीच लॅमिनेट चिकटवलेला बोर्ड.

पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला त्यात काही वावगं नाही. इथे ते कपाट दोन पावसाळेही टिकलं नाही. हे पत्र त्या कपाटामुळे लिहितोय, पण एकट्या त्या कपाटाबद्दल नाही.

माझी ओळख थोडक्यात. मी संगमेश्वर तालुक्यातला. वडिलांची लाकडाची वखार होती, त्यामुळे ओला साग आणि सुका साग नाकानं ओळखायला मी शाळेच्या आधी शिकलो. बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला सुतारकामाची कंत्राटं घेतो. (2024 साली शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं. बिलावर तसं लिहितो, तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच येतं.) माझ्याकडची बहुतेक पाटी आता मुख्य भूमीवरून येते. प्लाय, ब्लॉकबोर्ड, फ्लश डोअर, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), सगळं. आणि ती कुठली येणार हे माझ्या हातात फारसं नसतं. ते ठरतं तुमच्या टेबलावर.

तुमच्यापैकी बरेच जण इथे येऊन गेले असतील. सेल्युलर जेल बघितलं असेल, सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहिले असाल, आणि टूरवाल्यानं उरलेल्या अर्ध्या तासात चॅथमची सरकारी आरा गिरणीही दाखवली असेल. 1883 सालची गिरणी ती. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बॉम्ब पडला, तो खड्डा अजून राखून ठेवलाय, लोक त्याच्याजवळ फोटो काढतात. मला तिथे गेलं की वेगळंच वाटतं. शंभरेक वर्षं या धक्क्यावरून लाकूड बाहेर गेलं. पडौक, गर्जन, आगकाड्यांसाठी पपीता आणि धूप. पपीता म्हणजे फळ नव्हे, इथलं एक मऊ लाकूड आहे, नवा सुतार हमखास फसतो. मध्य अंदमानात बकुलतल्याला प्लायवुडचा कारखाना होता, लाँग आयलंडवर होता. गर्जनचा ओंडका लेथवर चढवायचा, कागदाच्या गुंडाळीसारखा सोलायचा, निघालेला पातळ थर म्हणजे विनियर, ते वाळवायचं, थर चिकटवायचे आणि तयार पाटी जहाजानं कलकत्ता-मद्रासला. इथल्या जुन्या मिस्त्रींना अजून त्या गिरणीचा भोंगा आठवतो.

आज तीच बोट उलटी येते. बंगालच्या उपसागराचे बाराशे किलोमीटर ओलांडून, हरियाणातल्या पॉपलरची नाहीतर केरळातल्या रबरवुडची पाटी घेऊन. जिकडे तिकडे झाडं असलेल्या बेटांवर, जिथे ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे, तिथे लाकडी पाटी बाहेरून येते. पहिल्यांदा ऐकणारा हसतो. मीही हसलो होतो.

हे कसं झालं त्यात मुंबई-पुण्याचा हात आहे, आणि तो चांगल्या अर्थानं आहे. लिटल अंदमानात ओंगे लोकांच्या जंगलात तोड चालली होती. तिच्याविरुद्ध पोर्ट ब्लेअरची 'साने' ही संस्था, पुण्याची कल्पवृक्ष आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या पर्यावरणवाल्या संस्था कोर्टात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, शेखर सिंग आयोग नेमला गेला, आणि 7 मे 2002 रोजी आदेश आला. आदिवासींच्या राखीव जंगलात तोड बंद, आणि बेटांवरचं लाकूड मुख्य भूमीवर न्यायला बंदी. जी काही मोजकी तोड होईल, ती इथल्या माणसांच्या गरजेपुरती. प्लायवुडच्या गिरण्यांना मग आधार उरला नाही. लाँग आयलंडला गेलात तर गिरणी गेली तशी वस्तीही कशी ओसरली हे गावकरीच सांगतील. त्या माणसांचं नुकसान झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आदेश बरोबर होता असं मी सुतार असून म्हणतो. वखारवाल्याच्या घरात वाढलोय, ओंडक्यांची रांग कधी संपते ते लहानपणी बघितलंय.

म्हणून आता चित्र असं. चॅथमला आणि बेटापूरला सरकारी गिरणीत थोडं लाकूड कापलं जातं, ते चौकटीला, वाशांना जातं. घराच्या आतलं जवळजवळ सगळं पाटीचं, आणि पाटी बोटीची. यात माझ्या डोळ्यांदेखत तीन वळणं आली. मी आलो तेव्हा मागणी साध्या कमर्शियल प्लायची होती, कारण मिस्त्रीला तेवढंच माहीत होतं आणि मालकाला तेवढंच परवडत होतं. मग पर्यटन वाढलं, हॅवलॉक-नील बेटांवर खोल्यांवर खोल्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर मुख्य भूमीवरचे डिझायनर आले. त्यांच्याबरोबर आलं एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, बहुतेक वेळा कापून, कडा चिकटवून, खोक्यात भरून, फक्त जोडायचं अशा रूपात. आता तिसरं वळण चालू आहे. फुगलेल्या एमडीएफला कंटाळून लोक डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला) आणि पीव्हीसी बोर्डाकडे चाललेत. तो फुगत नाही, वाळवी खात नाही. पण स्क्रू धरायला कच्चा, उन्हात वाकतो, आणि मोडला की प्लास्टिकच. बेटावर प्लास्टिकचं काय होतं हे सांगायला नको.

या सगळ्याचा आकडा मला द्यायचा होता. अडचण अशी की हा माल 'आयात' धरलाच जात नाही. एकाच देशातला व्यवहार, कस्टमचा कागद नाही. पण माल हलवताना लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलावर मालाचा कोड असतोच. प्लायवुड 4412, एमडीएफ 4411, पार्टिकल बोर्ड 4410. म्हणजे नोंद कुठेतरी आहे. कोणी नुसती बेरीज करून वर्षाला एकदा छापली तरी किती पाटी उतरते, कुठल्या जातीची, हे कळेल. तुमच्यातल्या ज्यांचं वजन आहे त्यांनी इथल्या प्रशासनाकडे ही मागणी लावून धरावी. माझ्यासारख्याच्या अर्जाला पोच मिळते, उत्तर नाही.

आता पाटीचा प्रवास ऐका, कारण तो ड्रॉइंगमध्ये नसतो. यमुनानगरहून नाहीतर पेरुंबवूरहून ट्रकनं चेन्नई. तिथे कंटेनरमध्ये भरून बोटीची वाट. बोट लागली की समुद्रात तीन-चार दिवस. दिवसा कंटेनरचा पत्रा तापतो, रात्री थंड होतो, आतली हवा घामेजते आणि छतावरून थेंब पडतात. वरच्या दोन-तीन पाट्यांवर पाण्याचे ठिपके दिसले की मला कळतं, हा कंटेनर घामेजलेला होता. मग हॅडो धक्का, तिथून ट्रक, गोदाम. हॅवलॉक, नील, डिगलीपूर असेल तर पुन्हा ट्रक, पुन्हा बोट. प्रत्येक ठिकाणी माणसं आठ बाय चारची पाटी डोक्यावर घेऊन फळीवरून चालतात. पाऊस असेल तर पावसात. एका पाटीचे कोपरे चार-पाच वेळा आपटतात. प्लायचा कोपरा आपटला तर इंचभर रंधून काढता येतो. पार्टिकल बोर्डाचा आपटला तर भुगा सांडतो, संपलं.

आणि पाऊस. आमच्या कोकणातही पाऊस काय कमी नाही, पण तिथे चार महिने भिजलं की आठ महिने सुकतं. इथे मेमध्ये सुरू होतो, नैर्ऋत्येचा संपेपर्यंत ईशान्येचा येतो, डिसेंबरपर्यंत चालतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. हवेतला दमटपणा उन्हाळ्यातही अंगाला चिकटतो. लाकूड हवेतलं पाणी पितं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाटी कारखान्यातून सुकी निघते, इथे येऊन पाणी पीत राहते आणि मग फुगून आपलं नवं माप धरते. म्हणून मी आलेली पाटी लगेच कापत नाही. पट्ट्यांवर, हवा खेळेल अशी, दोन आठवडे आडवी ठेवतो. मालक कुरकुरतो. तुमचा साईट सुपरवायझर फोनवर ओरडतो. ओरडू दे.

खरं दुखणं ग्रेडचं आहे. एमआर, म्हणजे ओलावा सोसणारं प्लाय, ज्याला बाजारात कमर्शियल म्हणतात, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक. मरीन, म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचं, त्यात फिनॉल फॉर्मल्डिहाइड. कागदावर मुख्य फरक हा. एमआरची कसोटी 60 अंशाच्या पाण्यात तीन तास, मरीनची उकळत्या पाण्यात 72 तास. तुमच्या दुकानात दोन्ही पाट्या सारख्या दिसतात, लाल चेहरा, गुळगुळीत. फरक इथे दोन पावसाळ्यांनी दिसतो. एका पाटीचे पापुद्रे सुटतात, दुसरीचे नाही.

माझ्या घरी एक जुनी ॲल्युमिनियमची पातेली आहे, बायको तिला 'तुमची प्लायची भाजी' म्हणते. नवा माल आला की त्यातून दोन बाय दोन इंचाचा तुकडा कापतो आणि तिच्यात उकळत ठेवतो. प्रयोगशाळेसारखे 72 तास गॅस जाळायला मला परवडत नाही, एक दिवस पुरतो. तीन-चार वर्षांपूर्वी मरीनचा शिक्का असलेला एक तुकडा संध्याकाळी ठेवला आणि रात्री झोपायच्या आधी उलटला तर तो पत्त्यांच्या जोडासारखा हातात उघडला. सात थर, सातही वेगळे, मधल्या थरात दोन ठिकाणी फटी. पाटीवर शिक्का ठळक होता. बिल महाराष्ट्रातल्या एका शहरातलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या दुकानदारानं फोनवर मला जे सांगितलं ते मात्र लिहितो. "साहेब, एवढ्या लांब पाठवतोय, परत थोडीच पाठवणार आहात."

खरं बोलला तो. परत पाठवता येत नाही. नाशिकच्या सुताराला फुगलेली पाटी दुकानासमोर नेऊन आपटता येते. मी काय करू? परतीचं बोटीचं भाडं पाटीच्या किमतीला जाऊन भिडतं. ती पाटी इथेच राहते. आधी कपाटात, मग अंगणात, मग ब्रुकशाबादच्या कचऱ्याच्या डोंगरात. डिंक आणि लॅमिनेट असल्यामुळे चुलीत घालायलाही धड नाही, धूर डोळ्यांत जातो.

2025 पासून प्लायवुडवर आयएसआयचा शिक्का कायद्यानं सक्तीचा झाला. लहान कारखान्यांना थोडी जादा मुदत मिळाली, पण नियम आला. चांगलं झालं. शिक्क्याखाली लायसन्सचा नंबर असतो, तो बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मोबाइल ॲपवर टाकला की कारखाना खरा की खोटा कळतं. दोन मिनिटांचं काम. बोटीत भरायच्या आधी ती दोन मिनिटं खर्च करा.

आता दुसरी तक्रार, आणि हिचा मला जास्त राग आहे. मागच्या दिवाळीत मी मुंबईला होतो. एका दुकानात सहज गेलो, ओळख दिली नाही. विक्रेत्यानं पाटी टिचकी मारून दाखवली आणि म्हणाला, "प्युअर अंदमान गर्जन, काका. आयुष्यभर बघायला नको." मी विचारलं, अंदमानहून कधी आली? म्हणाला, "डायरेक्ट तिकडूनच येते."

तिकडून 2002 पासून ओंडका येऊ शकत नाही, पाटी कुठली येणार? गर्जनचं विनियर तुमच्याकडे येत होतं ते म्यानमारहून. म्यानमारनं 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, मग आपल्या लोकांनी तिकडे आणि लाओसमध्ये जाऊन विनियर सोलायला सुरुवात केली, आणि ते महागलं तसं आफ्रिकेतलं ओकुमे नावाचं लाकूड लाल रंगवून त्या जागी बसलं. ओकुमे वाईट नाही, हलकं आहे, चांगलं सोललं जातं. त्याला ओकुमे म्हणा. आतला गाभा पॉपलरचा असेल तर पॉपलर म्हणा. अंदमानच्या नावानं विकलेली प्रत्येक पाटी म्हणजे एकतर खोटं, नाहीतर गुन्हा. खोटं असण्याची शक्यता जास्त, म्हणून रात्री झोप लागते. गंमत म्हणजे एका पर्यटकानं मला हॅवलॉकला विचारलं होतं, "आमच्या घरी अंदमान गर्जनचा ओटा आहे, तुमच्याकडे कुठला वापरता?" मी म्हटलं, हरियाणाचा.

हरियाणावरून आठवलं. ग्रेट निकोबारला मोठं बंदर, विमानतळ, शहर उभं करायचं चाललंय. त्यासाठी 130 चौरस किलोमीटर जंगल वळवलं जाणार, आणि सरकारनंच संसदेत 9 लाख 64 हजार झाडांचा आकडा दिलाय. बदल्यातली झाडं लावायची आहेत हरियाणात. त्या वादात मी इथे शिरत नाही, ते वेगळं पत्र होईल. पण तिथे खोल्या, कार्यालयं, वसाहती उठल्या की आतल्या पाटीचं ड्रॉइंग कोण काढणार? तुमच्यासारखेच कुणीतरी, पुण्याच्या नाहीतर गुरुग्रामच्या टेबलावर. त्सुनामीनंतर निकोबारी लोकांना घरं दिली तेव्हाही सामान सगळं मुख्य भूमीवरून बोटींनी आलं होतं. त्यांची मूळची झोपडी मधमाशांच्या पोळ्यासारखी गोल, खांबांवर उभी, खालून वारा खेळणारी. तिला नकाशा काढणारा कोणी नव्हता आणि ती कधी फुगली नाही.

तर मागणं काय? फार नाही. ड्रॉइंगवर 'प्लाय' एवढंच लिहू नका. ओल लागणाऱ्या जागी आयएस 710 लिहा आणि बिलावर तोच नंबर मागा. जमिनीपासून चार इंच कुठलीही पाटी नको, खाली दगड किंवा ग्रॅनाइटचे पाय द्या. मॉड्युलरवाल्यांनो, पार्टिकल बोर्डाची खोकी बेटावर पाठवूच नका, कितीही स्वस्त पडली तरी. कापलेल्या कडा आणि पाठीमागची बाजू कारखान्यातच सील करा, नुसती दिसणारी बाजू नको. ड्रॉइंगमध्ये कपाट भिंतीला चिकटून दाखवू नका, मागे बोटभर जागा सोडा म्हणजे हवा फिरेल. आणि कपाटाला दार हवंच का, हा प्रश्न मालकाला एकदा विचारून बघा. उघड्या मांडणीवर कपडे सुकतात, बंद कपाटात बुरशी धरतात. इथल्या जुन्या लाकडी घरांत कपाटं कमी आणि खुंट्या जास्त, त्याला कारण आहे.

जमलं तर काही कामं इथल्या लाकडात काढा. इथल्या माणसासाठी कापलेलं पडौक इथल्या इमारतीत बसलं तर त्यात कोर्टाचा अडथळा नाही. मिळतं कमी, वाट बघावी लागते, रंग पहिल्या वर्षी रक्तासारखा आणि मग हळूहळू तपकिरी. पण रिसेप्शनचं एक टेबल पडौकचं आणि बाकी सगळं साधं, असं ठरवलं तर बोटीतल्या किती पाट्या वाचतील याचा हिशेब तुम्हीच करा, तुम्हाला कॅलक्युलेटर चालवता येतो.

त्या रिसॉर्टचं कपाट मी काढून टाकलं. जागेवर गर्जनच्या दोन फळ्या आणि पितळेचा दांडा बसवला. गर्जन चॅथमचं, पावतीसकट. मालकानं विचारलं, हे पुण्याच्या मॅडमना कळवायचं का? मी म्हटलं, फोटो पाठवा.

पुढच्या मंगळवारी चेन्नईची बोट लागणार आहे. तिच्यात माझ्या नावाच्या 40 पाट्या आहेत, पाठवणारा तुमच्यातलाच एक. पातेली घासून ठेवली आहे.

आपला,
पोर्ट ब्लेअरचा एक सुतार